फी माफ आहे, मग नववीचा वर्ग अडतो कुठे?

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची मुलगी आठवी पास होते, तेव्हा तिच्या घरी जून महिन्याचा हिशेब मांडला जातो. त्यात फीचा रकाना रिकामाच असतो. अनुदानित शाळेत दहावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे, मुलींना तर बारावीपर्यंत. सत्र फीचे किरकोळ रुपये सोडले तर शाळा काही मागत नाही. तरी हिशेब जुळत नाही, कारण पुस्तकं, वह्या, गणवेश, जाण्यायेण्याचा खर्च, दुपारचं खाणं, हे सगळं आता घरातून जायचं असतं. शिवाय ती शाळेत गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न असतोच.

तिकडे मुख्याध्यापकांचाही हिशेब चालू असतो. गणिताचे सर निवृत्त होऊन वर्ष झालं, शिपाई नाही, वीजबिल थकलंय. आणि तिसरा हिशेब मंत्रालयात, जिथे शिक्षण खात्याचा बहुतेक पैसा पगारातच जातो म्हणून वित्त विभाग कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो.

तिन्ही हिशेब आपापल्या जागी खरे आहेत. फक्त ते एकमेकांना जुळत नाहीत. कुठे जुळत नाहीत, ते नाशिक जिल्ह्याच्या निमित्ताने पाहू. पंधरा तालुक्यांचा हा जिल्हा आहे. एका टोकाला गंगापूर रोडच्या इंग्रजी शाळा आणि दुसऱ्या टोकाला गुजरात सीमेवरचे पाडे. राज्यातली जवळपास प्रत्येक अडचण इथे सापडते.

आठवीनंतर काय काय थांबतं

२००२ साली ८६व्या घटनादुरुस्तीने ‘कलम २१-क’ आलं, म्हणजे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे पहिली ते आठवी. नववी-दहावी त्यात नाही. महाराष्ट्रात नववी-दहावीची फी माफ आहे ती राज्य सरकारच्या निर्णयामुळे. हक्क म्हटला की कोर्टात जाता येतं. सरकारी निर्णय मात्र बजेटमधल्या तरतुदीएवढाच भक्कम असतो.

म्हणून आठवीच्या निकालानंतर एकेक गोष्ट गळत जाते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. बालभारतीची मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. मोफत गणवेशही तेवढाच. खाजगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलाला नववीत एकदम पूर्ण फीची पावती हातात पडते. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकवलेलं पोर घेऊन पालक मग गावातल्या अनुदानित शाळेच्या दारात उभे राहतात. ही गळती आम्ही ठरवून केली असं कोणी म्हणणार नाही. पण कायद्याची रेघ जिथे ओढली, तिथेच योजनांचीही रेघ आली.

शाळा किती लांब असावी, हेही तसंच. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. माध्यमिकसाठी केंद्राच्या योजनेत पाच किलोमीटरचं अंतर धरलेलं आहे, पण तो कायदेशीर हक्क नव्हे, नियोजनाचा आकडा आहे. नकाशावरचे पाच किलोमीटर निफाडच्या सपाटीवर सायकलने वीस-पंचवीस मिनिटांचे असतात. तेच पाच किलोमीटर पेठच्या डोंगरात, जुलैच्या पावसात, ओढा भरलेला असताना काय असतात, ते तिथल्या पोरींना विचारावं. एसटीचा मोफत पास मुलींना पाचवी ते बारावी मिळतो, मुलांना पासात दोन तृतीयांश सवलत आहे, मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसही धावतात. चांगल्या योजना आहेत, यात शंका नाही. पण पास असून उपयोग काय, जर गाडी फाट्यापर्यंतच येत असेल किंवा दुपारची फेरी रद्द होत असेल?

शिष्यवृत्त्या आहेत. आठवीत असताना एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा पास झालेल्या, निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, ही खरोखर उपयोगी रक्कम आहे. पण ती निवडक मुलांची. उलट आठवी ते दहावीतल्या मागासवर्गीय मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वर्षानुवर्षं महिन्याला १०० रुपये अशी राहिली. शंभर रुपयांत आज एक वहीचा गठ्ठाही येत नाही.

त्यात नाशिकची एक खास गोष्ट आहे. दिवाळी उलटली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरांच्या टोळ्या येतात, त्यातल्या बऱ्याच सुरगाणा, पेठ भागातल्या. चौदा-पंधरा वर्षांचा हात कामाला जवळपास मोठ्या माणसाएवढाच उपयोगी पडतो. पहिलीतलं पोर शाळेत गेलं तर घरचं काही बुडत नाही. नववीतलं गेलं तर मजुरी बुडते. हा खर्च सरकारच्या कोणत्याच कागदावर दिसत नाही, पण माध्यमिक शिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च बहुतेक घरांसाठी हाच. देशभराची २०२४-२५ ची यूडायस, म्हणजे शाळांची सरकारी आकडेवारी पाहिली, तर सहावी ते आठवीत गळती ३.५ टक्के आहे आणि माध्यमिक टप्प्यावर ती ८.२ टक्के होते. दुपटीहून जास्त.

शाळा संस्थेची, पगार सरकारचा

आता शाळेच्या बाजूने बघू. महाराष्ट्रात प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदा आणि महापालिका चालवतात. माध्यमिकचं तसं नाही. हायस्कुलं उभी केली ती शिक्षण संस्थांनी. नाशिकमध्ये १९१४ साली स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज, गोखले एज्युकेशन सोसायटी, नाशिक शिक्षण प्रसारक मंडळ, आदिवासी पट्ट्यात दादासाहेब बिडकरांनी उभं केलेलं डांग सेवा मंडळ, अशा संस्थांनी लोकांकडून जमीन, देणग्या घेऊन शाळा काढल्या. सरकारने पुढे पगाराचा भार उचलला. यालाच आपण ‘अनुदानित शाळा’ म्हणतो.

ही व्यवस्था हुशारीची होती. सरकारला इमारती बांधाव्या लागल्या नाहीत आणि गावोगाव हायस्कूल आलं. पण तिच्यातच आजच्या बऱ्याच अडचणींचं मूळ आहे. शाळेची इमारत संस्थेची, शिक्षकाची नेमणूक संस्थेची, त्या नेमणुकीला मान्यता शिक्षणाधिकाऱ्याची, पगार वेतन पथकामार्फत शासनाचा. छप्पर गळायला लागलं की कोणी पाहायचं? संस्था म्हणते आमच्याकडे उत्पन्न नाही, फी घ्यायला तुम्हीच बंदी केली. शासन म्हणतं इमारत तुमच्या मालकीची आहे.

हा पेच दिल्लीच्या योजनेतही दिसला. २००९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणलं. २०१८ पासून ते समग्र शिक्षा या केंद्राच्याच एकत्रित योजनेत विलीन झालं. त्यात खोल्या, प्रयोगशाळा यांसाठी पैसा होता, पण तो सरकारी शाळांसाठी. ज्या राज्यांत हायस्कुलं सरकारी आहेत, त्यांनी तो घेतला. महाराष्ट्रात हायस्कुलं खाजगी अनुदानित, त्यामुळे बांधकामाच्या पैशाचा मोठा भाग आपल्या शाळांच्या दारावरून पुढे गेला.

आदिवासी भागातल्या आश्रमशाळा हा आणखी वेगळा कप्पा. त्या शिक्षण खात्याच्या नाहीतच, आदिवासी विकास विभागाच्या आहेत, ज्याचं आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. तिथे निवास आणि जेवण मिळतं म्हणून अनेक मुलं दहावीपर्यंत पोचतात. पण तिथेही शिक्षकांच्या जागा रोजंदारीवर भरायच्या की बाहेरच्या एजन्सीमार्फत, यावरून २०२५ मध्ये नाशिकला आयुक्तालयासमोर रोजंदारी शिक्षक-कर्मचारी दीर्घकाळ ठाण मांडून बसले होते.

पैसा डोकी मोजून, काम विषय मोजून

माझ्या मते सगळ्या गुंत्यातली मुख्य गाठ ही आहे, म्हणून इथे जरा थांबू.

चौथीचा वर्ग एक बाई चालवू शकतात. मराठी त्याच, गणित त्याच, परिसर अभ्यास त्याच. नववी-दहावीत ते चालत नाही. तीन भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल. बी.ए. बी.एड. झालेल्या इतिहासाच्या सरांना दहावीचं बीजगणित शिकवायला लावलं तर नुकसान कोणाचं होतं, हे सांगायची गरज नाही. म्हणजे शाळेत मुलं कितीही असोत, एक भाषेचा, एक गणित-विज्ञानाचा, एक सामाजिक शास्त्रांचा शिक्षक आणि मुख्याध्यापक एवढं लागतंच. एसटीत पाच प्रवासी असोत की पन्नास, ड्रायव्हर-कंडक्टर लागतातच, तसं हे.

आणि शिक्षक मिळतात ते पटावर. दरवर्षी शाळेची ‘संच मान्यता’ होते: पट किती, त्यावर मंजूर पदं किती. पट घसरला की पद जातं.

एक कल्पित उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी गोल केलेले. सातव्या वेतन आयोगात माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होतं. भत्ते धरले की ते साठ हजारांच्या आसपास जातं आणि सेवा वाढेल तसं बरंच वर. सरासरी महिना ७५,००० धरू.

डोंगरातल्या शाळेत नववी-दहावी मिळून ६० मुलं. चार जणांचा किमान संच. महिन्याला ३ लाख, वर्षाला ३६ लाख. एका मुलामागे ६०,००० रुपये.

शहरातल्या शाळेत नववी-दहावीच्या सहा तुकड्या, प्रत्येकी ६० मुलं, म्हणजे ३६०. तुकडीमागे दीड शिक्षक या जुन्या ढोबळ हिशेबाने नऊ शिक्षक. महिन्याला पावणेसात लाख, वर्षाला ८१ लाख. एका मुलामागे २२,५०० रुपये.

मंत्रालयातल्या टेबलावर हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिली शाळा उधळपट्टीची वाटते. तिथे नऊ शिक्षक नाहीत, चारच आहेत. गणिताला दुसरा पर्याय नाही. तरी महाग तीच. मग कोणीतरी सुचवतं, कमी पटाच्या शाळा एकत्र करा. कागदावर अगदी बरोबर. फक्त एकत्र केलेली शाळा बारा किलोमीटरवर जाते आणि मुलीचं नाव गळतं. शाळेचा खर्च वाचला तो असा त्या घरावर गेला.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले. वीसच्या आत पट असलेल्या वर्गांना शिक्षकाचं पदच उरणार नाही, अशी ओरड राज्यभर झाली, शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या, प्रकरण कोर्टातही गेलं. शहरी वाचकाला वीस मुलांचा वर्ग हास्यास्पद वाटेल. पण सुरगाण्यात गावंच लहान आहेत. पट कमी आहे तो शाळा वाईट आहे म्हणून नव्हे.

त्यात आधारची भर. पट मोजताना आता आधार वैध झालेली मुलं विचारात घेतली जातात. नावात एक वेलांटी चुकली, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळली नाही, की मूल वर्गात बसलेलं असतं पण मोजणीत नसतं. दोन-तीन अशी नावं गेली की एक पद जाऊ शकतं. बोगस पट रोखायला ही पद्धत आणली, आणि बोगस पट हा खरा रोग होता, हेही मान्य करायला हवं. पण औषधाचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो जिथे आधार केंद्र तालुक्याच्या गावीच आहे त्या पाड्यांना.

शिक्षक जास्त, शिक्षक कमी, दोन्ही एकाच जिल्ह्यात

नाशिक शहराच्या जुन्या भागात रविवार कारंजा, अशोक स्तंभ, सीबीएस या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या नावाजलेल्या अनुदानित शाळा आहेत. एकेकाळी तिथे प्रवेशासाठी चिठ्ठ्या लागत. आता कुटुंबं पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगावकडे सरकली, मुलं इंग्रजी माध्यमात गेली. अशा शाळांत पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात. त्याच वेळी डोंगरातल्या शाळेत गणिताची जागा रिकामी.

मग हलवा की तिकडे, असं कोणीही म्हणेल. याला ‘समायोजन’ म्हणतात आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही. अतिरिक्त ठरलेले सर हिंदीचे, जागा विज्ञानाची. जागा राखीव प्रवर्गाची, सर खुल्या प्रवर्गातले, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाप्रमाणे जागांचा ठरलेला क्रम, बसत नाही. समोरची संस्था दुसऱ्या संस्थेचा माणूस घ्यायला नाखूश असते. रिकाम्या जागेवर आपला उमेदवार बसवायचा असतो, हे उघड गुपित आहे. आणि पन्नाशीच्या शिक्षिकेला सिडकोतून सुरगाण्याला जा म्हणणं सोपं, जाणं अवघड. तोवर पगार चालू राहतो. म्हणजे सरकारचा पैसा खर्च होतच असतो, फक्त जिथे मुलं आहेत तिथे तो पोचत नाही.

नवीन भरतीची कथाही रखडलेली. २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली. नंतर संस्थांच्या मनमानीला आणि पैशांच्या देवघेवीला आळा घालायला २०१७ मध्ये शिक्षक भरतीचं ऑनलाइन ‘पवित्र पोर्टल’ आलं: अभियोग्यता चाचणी द्या, गुणांनुसार निवड. कल्पना उत्तम. पण ही चाचणी झाली २०१७ मध्ये, मग थेट २०२३ मध्ये, आणि नंतर २०२५ मध्ये. निवृत्ती मात्र दरवर्षी ३१ मे आला की होतेच.

मधली फट कशी भरतात? तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या माणसाने, किंवा संस्थेने आपल्या खिशातून ठेवलेल्या, पाच-दहा हजारांवर राबणाऱ्या बी.एड. पोराने. आणि रीतसर निवड झालेलाही पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो. २००० सालापासून ही पद्धत आहे. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला ८,००० रुपये मिळत, २०२३ मध्ये ते १८,००० झाले. तालुक्याच्या गावात खोली घेऊन, रोज वीस किलोमीटर मोटरसायकलवर जाऊन अठरा हजारांत दहावीचं भूमिती शिकवायचं. जो हुशार असतो तो एक डोळा स्पर्धा परीक्षेवर ठेवूनच रुजू होतो, आणि त्याला दोष कसा द्यायचा?

खडू, झाडू आणि वीजबिल

सरकार शाळेला देतं त्यातला जवळपास सगळा पैसा पगाराचा. बाकीच्या खर्चाला ‘वेतनेतर अनुदान’ म्हणतात: वीज, पाणी, खडू, प्रयोगशाळेतलं साहित्य, दुरुस्ती, इमारतीचं भाडं. मध्ये काही वर्षं हे अनुदान बंदच होतं. २०१३ पासून पुन्हा सुरू झालं, पण पगाराच्या पाच टक्क्यांच्या आत, आणि हिशेब पाचव्या वेतन आयोगाच्या पगारावर. पगार सातव्या आयोगाने मिळतात, वीजबिल आजच्या दराने येतं आणि खडूचे पैसे मात्र पाचव्या आयोगाच्या काळातले.

शिपायाचंही असंच. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदं रिकामी होतील तशी रद्द करून त्याऐवजी ‘शिपाई भत्ता’ ठरला. ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. एवढ्यात पूर्णवेळ माणूस कोण येणार? घंटा मग विद्यार्थीच वाजवतात, त्याला हरकत नाही. पण मुलींच्या स्वच्छतागृहाची सफाई कोण करतं, हा प्रश्न नववीतल्या मुलीच्या हजेरीशी थेट जोडलेला आहे.

ही तूट भरायला ‘ऐच्छिक वर्गणी’, ‘इमारत निधी’ येतात. ऐच्छिक किती असतात, ते पालक जाणतात. सेमी इंग्रजीची किंवा अकरावी विज्ञानाची जादा तुकडी विनाअनुदानित असते. मग एकाच इमारतीत, एकाच शिक्षकांकडे शिकणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला नाममात्र फी आणि दुसऱ्याला हजारांत. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांचा सामाजिक निधी येतो तो संगणक, डिजिटल फळा, पाण्याची टाकी यांसाठी. उद्घाटनाचा फोटो निघतो अशा वस्तूंसाठी देणगी मिळते. गणिताच्या शिक्षकाच्या पगारासाठी मी तरी कोणाला देणगी देताना पाहिलं नाही.

नवी शाळा हवी असेल तर

पूर्वी नवी वस्ती झाली की संस्था शाळा काढी आणि काही वर्षांनी तिला अनुदान मिळे. २००१ च्या सुमारास सरकारने सांगितलं, आता नव्या शाळा ‘कायम विनाअनुदानित’. तरी शाळा निघाल्या, शिक्षक उद्या अनुदान येईल या आशेवर बिनपगारी किंवा तुटपुंज्या पैशांवर राबले. आंदोलनांनंतर २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला. पैसे प्रत्यक्ष सुरू झाले ते २०१६ मध्ये, तेही पगाराच्या २० टक्के. मग ४०, मग ६०. यालाच ‘टप्पा अनुदान’ म्हणतात. आझाद मैदानावर दर अधिवेशनात दिसणारे शिक्षक बहुधा हेच. तिशीत नोकरीला लागलेला माणूस पन्नाशीला आला तरी पूर्ण पगार पाहत नाही.

दरम्यान २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने पुढचा रस्ताच ठरला: नवी शाळा काढा, पण खर्च तुमचा, म्हणजे शेवटी पालकांचा. याचा परिणाम नाशिकच्या नकाशावर दिसतो. अनुदानित हायस्कुलं जुन्या शहरात, नाशिकरोडला आणि कारखान्यांबरोबर वाढलेल्या सातपूर-सिडकोत. त्यानंतर वाढलेल्या उपनगरांत प्रामुख्याने फी घेणाऱ्या शाळा. महापालिकेच्या शाळा बहुतांश आठवीपर्यंतच, माध्यमिक मोजक्या. पाथर्डी फाट्यापलीकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या मुलाला नववीसाठी मोफत शाळा हवी असेल, तर तीही काही किलोमीटर लांबच आहे.

सरकारकडे खरंच पैसा नाही का?

नाशिकमध्ये हा प्रश्न हटकून असा विचारला जातो: सिंहस्थासाठी हजारो कोटी निघतात, मग शाळेसाठी का नाही? उत्तर अर्धं-अर्धं आहे. रस्ता, पूल, घाट हा एकदाचा खर्च असतो. कर्ज काढून करता येतो. शिक्षक नेमला की तीसेक वर्षांचा पगार आणि पुढे निवृत्तिवेतनाचा वाटा अशी बांधिलकी होते. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज यांतच राज्याच्या महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा जातो. वित्त विभाग इमारतीला एकवेळ हो म्हणतो, पदाला नाही म्हणतो, त्याचं कारण हे. उरलेलं अर्धं उत्तर असं की प्राधान्य ठरवणं हेच तर सरकारचं काम. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये म्हटलं होतं आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पुन्हा तेच म्हटलं. मधल्या अर्धशतकात आपण तिथे पोचलो नाही.

‘परवडत नाही’ हा आक्षेप जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हाही खर्चाचं कारण पुढे आलं आणि ते पडलं. त्याआधीच, १९०६ मध्ये, बडोदा संस्थानात शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं होतं. ते करणारे सयाजीराव गायकवाड मूळचे आपल्याच मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी आधी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून पाहिला, खर्च आणि अडचणी समजून घेतल्या, मग राज्यभर नेला.

त्या धर्तीवर आज काय करता येईल? मला तीन गोष्टी आधी कराव्याशा वाटतात. दुर्गम तालुक्यांत नववी-दहावीला पट न पाहता चार जणांचा किमान संच द्यायचा. महाग पडेल, पण अशा शाळा मोजक्या आहेत. पोषण आहार दहावीपर्यंत न्यायचा. आठवीपर्यंतचं स्वयंपाकघर बऱ्याच हायस्कुलांत चालूच असतं, पातेलं थोडं मोठं करायचंय. आणि वेतनेतर अनुदान चालू वेतनावर मोजायचं. नाशिक जिल्हा परिषदेने हुशार मुलांना जेईई-नीटची तयारी करून देणारी ‘सुपर ५०’ योजना काढली, तिचं कौतुक आहेच. पण त्या पन्नासांच्या मागे दहावीला गणिताचा शिक्षकच न मिळालेली जी मुलं आहेत, त्यांची यादी कुठल्याच योजनेत नाही.

तुमच्या गावातल्या हायस्कुलाचं दुखणं नेमकं कुठलं, हे शोधायला एक कागद पुरतो: चालू वर्षाची संच मान्यता. पालक-शिक्षक संघाच्या सभेत तो मागता येतो. नाही दिला तर माहिती अधिकारात. त्यात तीन आकडे पाहायचे. प्रत्यक्ष पट आणि मोजलेला पट यांत फरक असेल, तर अडचण आधारची आहे आणि ती शाळेत शिबिर घेऊन सुटू शकते. मंजूर पदं जास्त आणि कार्यरत कमी असतील, तर अडचण भरतीची किंवा समायोजनाची, तिथे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जायचं. मंजूर पदंच अपुरी असतील, तर निकष बदलावे लागतील आणि तो विषय विधिमंडळाचा. नाशिक विभागाला खास शिक्षकांचा आमदार आहे, पण त्या मतदारसंघात मत शिक्षकांना असतं, पालकांना नाही; तेव्हा पालकांनी आपला विधानसभेचा आमदार गाठायचा, तोही मार्चच्या अर्थसंकल्पाच्या आधी.